डग्ग्याचा घुमारा

बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमवर ‘लव्ह यू टू’ नावाचं एक गाणं आहे. जेमतेम तीन मिनिटांचं. सुरुवातीला सतारीची संथ, आलापासारखी सुरावट, मग तबला येतो आणि गाणं धावू लागतं. शेवटी लय चढते आणि त्या चढत्या लयीतच आवाज विरत जातो. शाळकरी वयापासून आज साठी उलटेपर्यंत मी हे गाणं ऐकत आलो आहे आणि दर वेळी माझा कान एकाच जागी जातो : डग्ग्याकडे.

आमच्या पुण्याच्या घरी ही रेकॉर्ड आली ती आतेभावामुळे. तो मुंबईत नोकरीला होता आणि सुट्टीला येताना इंग्रजी गाण्यांच्या एल.पी. घेऊन यायचा. ही आपल्याकडे दमदमच्या कारखान्यात छापलेली मोनो प्रत होती. घरात एचएमव्हीचा फिएस्टा, पेटीसारखा बंद होणारा, तळहाताएवढ्या स्पीकरचा. मी तेव्हा तबला शिकत होतो. कव्हरच्या पाठीमागे गाण्यांची यादी वाचता वाचता एका नावाशी थबकलो : अनिल भागवत, तबला. बीटल्सच्या रेकॉर्डवर चौघांखेरीज बाहेरच्या वादकाचं नाव छापलं जाणं त्या काळी दुर्मीळच होतं. या कव्हरवर हॉर्न वाजवणारे अॅलन सिव्हिल आहेत आणि हे भागवत आहेत. आपल्या गल्लीत सहज ऐकू यावं असं ते नाव लंडनच्या रेकॉर्डवर बघून मला जे वाटलं, त्याला अभिमान म्हणावं की जवळीक, ते मला आजही ठरवता येत नाही.

पुढे कळलं, की लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत त्यांना एप्रिल १९६६ मध्ये बोलावणं गेलं होतं. आपल्याला कुणासोबत वाजवायचं आहे, हेही त्यांना आधी ठाऊक नव्हतं. जॉर्ज हॅरिसनने सोळा मात्रांचं, रविशंकरांच्या धाटणीचं काही वाजवायला सुचवलं आणि पुढचं त्यांच्या उपजेवर सोडलं, अशी आठवण त्यांनीच नंतर सांगितली आहे.

एकदा मी तो फिएस्टा आणि ती रेकॉर्ड गुरुजींकडे घेऊन गेलो. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “हात तयार आहे रे पोराचा. पण डग्गा कुठाय? वाजवलाच नाही, का यंत्राने खाल्ला?”

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझं बरंच ऐकणं झालं. यंत्राचा वाटा होताच. त्या स्पीकरमधून घुमारा बाहेर पडणं शक्यच नव्हतं. पण रेकॉर्डच्या खाचेचीही एक मर्यादा असते. खर्जाचा आवाज जितका भारदस्त, तितकी खाच रुंद आणि वळणावळणाची होते, आणि साध्या प्लेअरची सुई अशा वळणावर उडू शकते. ईएमआय कंपनीचे इंजिनिअर याला फार जपायचे. त्यामुळे रेकॉर्ड कापताना खालचे स्वर आवरते घेतले जात. म्हणजे स्टुडिओत घुमलेला डग्गा घराघरातल्या सुईची काळजी म्हणून थोडा दबून राहणं ओघानेच आलं.

दुसरी मर्यादा टेपची. तेव्हा अॅबी रोडच्या स्टुडिओत चार ट्रॅकची टेप वापरत. वाद्यं जास्त आणि ट्रॅक चारच, म्हणून अनेक वाद्यं एकाच ट्रॅकवर एकत्र बसवली जायची. याच अल्बमवरच्या ‘टॅक्समन’मध्ये ड्रम्स, बास आणि गिटार एकाच ट्रॅकवर आहेत. एकदा तसं मुद्रित झालं की नंतर बास वर आणि गिटार खाली करायची सोय नाही. कोण पुढे, कोण मागे, हे सगळे वाजवत असतानाच ठरवावं लागायचं. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि अवघ्या वीस वर्षांचे ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी ते त्या खोलीत, त्या क्षणी ठरवलं. मग त्यातून मोनो मिक्स तयार झालं, आणि बीटल्सचा जीवही त्या मोनोतच होता. स्टिरिओ मागाहून उरकलं जायचं.

हे मला कळलं ते नोकरी लागल्यावर. फोर्टात कामाला गेलो की मी काळा घोड्याच्या र्‍हिदम हाउसमध्ये डोकावायचो. तिथेच ‘रिव्हॉल्व्हर’ची सीडी घेतली. ती स्टिरिओ होती. हेडफोन लावून ‘टॅक्समन’ ऐकलं आणि चक्रावलो. ड्रम्स, बास, गिटार सगळे एका कानात कोंबलेले. ‘एलिनॉर रिग्बी’त तर गायक एका बाजूला जाऊन उभा. त्यातही कडव्याच्या पहिल्याच अक्षराला आवाज दोन्हीकडून येतो आणि लगेच एका बाजूचा गप्प होतो. मिक्स करताना एक बटण क्षणभर उशिरा फिरलं असावं, तसं. आणि ‘लव्ह यू टू’? तबला जिथे रंगात येतो तिथे गाणं माझ्या आठवणीपेक्षा लवकर संपलं. घरी येऊन रेकॉर्ड लावून पाहिली. स्मरण खोटं नव्हतं. मोनोमध्ये शेवटचा द्रुत काही सेकंद जास्त आहे. तेवढ्या सेकंदांसाठी मी तबकडी जपली.

स्टिरिओबद्दल असमाधान खुद्द मार्टिन यांनाही होतं. १९८७च्या सीडींसाठी त्यांनी ‘हेल्प’ आणि ‘रबर सोल’ यांची स्टिरिओ मिक्स स्वतः नव्याने केली. ‘रिव्हॉल्व्हर’ मात्र तसाच राहिला.

म्हणून २०२२ साली ‘रिव्हॉल्व्हर’ नव्याने मिक्स होऊन येतोय असं वाचलं, तेव्हा उत्सुकतेच्या आधी धास्तीच वाटली. आमच्या पिढीने झंकार बीट्सच्या कॅसेटी ऐकल्या आहेत. रिक्षात, बसमध्ये, पानपट्टीवर. साठ-सत्तरच्या दशकांतल्या गाण्यांवर ड्रम मशीन बसवायचं आणि मूळ तबला त्याखाली गाडून टाकायचा. तबला शिकलेल्या माणसाच्या जिवाला ते फार लागायचं.

हे काम त्या जातीचं नव्हतं. नवं मिक्स केलं जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी. बाहेरून एकही वाद्य आणलं नाही. चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने ‘गेट बॅक’ या मालिकेसाठी एक तंत्र विकसित केलं होतं. संगणकाला ड्रम्सचा, गिटारचा, माणसाचा आवाज ओळखायला शिकवायचं आणि एकाच ट्रॅकवर मिसळलेले आवाज वेगळे करून घ्यायचे. १९६६ मध्ये जे कायमचं एकत्र झालं होतं, ते छप्पन्न वर्षांनी सुटं झालं.

मी पहिल्यांदा अर्थातच ‘लव्ह यू टू’ लावलं. आणि डग्गा ऐकला. तळव्याचा दाब देऊन स्वर वर नेणं, ‘घे’चा घुमारा पुरा होऊ न देता पुढच्या बोलावर जाणं, सगळं स्वच्छ. चाटेवरची किनार वेगळी, डग्ग्याची खोली वेगळी. गुरुजी आज हवे होते. डग्गा वाजला होता. चांगलाच वाजला होता. एका वादकाचा डावा हात इतक्या वर्षांनी लोकांपर्यंत पोहोचला, याचा मला मनापासून आनंद झाला, आणि या एका गोष्टीसाठी मी नव्या मिक्सचा कायम ऋणी राहीन.

पण नंतर मोनो तबकडी लावली, तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. नव्या मिक्समध्ये सतार, तबला, तंबोरा, गळा यांच्यात मोकळी हवा आहे. प्रत्येक जण आपापल्या जागी बसला आहे आणि मी प्रत्येकाकडे वळून पाहू शकतो. मोनोत ती हवा नाही. सतारीची तार आणि तबल्याची चाट एकमेकींवर घासतात आणि गळा त्या गर्दीतून वाट काढत येतो. गाण्यातली अस्वस्थता, घाई, आयुष्य हातातून निसटतंय ही जाणीव त्या घासण्यातच आहे. सुटं केल्यावर वादक स्पष्ट दिसतात, पण त्यांच्यातला ताण सैल होतो. ‘टॅक्समन’मध्येही तेच. बासची प्रत्येक उडी आता मोजता येते, पण एकत्र आदळण्याचा तो जुना दणका निवळतो.

मूळ मूळ म्हणून आपण ज्याची शपथ घेतो, तेही कुठे एकच आहे? ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या शेवटच्या गाण्याचं एक मोनो मिक्स छपाईला गेल्यावर मार्टिन यांनी ते बदलून दुसरं घ्यायला सांगितलं. तोवर काही प्रती छापून झाल्या होत्या. म्हणजे इंग्लंडमध्ये त्या ऑगस्टमध्ये दुकानात गेलेल्या दोघांनी एकाच अल्बमच्या दोन वेगळ्या प्रती घरी नेल्या असणं सहज शक्य आहे. याच गाण्यात टेपच्या गोल पट्ट्या वेगवेगळ्या यंत्रांवर फिरवत, पेन्सिलीने ताणून धरत, तिथल्या तिथे मिसळल्या होत्या. ते पुन्हा हुबेहूब करणं शक्य नाही, असं मार्टिन सांगत.

म्हणूनच मला वाटतं, की मिक्स हे गाण्याचं वेष्टन नव्हे. मिक्स म्हणजे कुणीतरी ते गाणं कसं ऐकलं, त्याचा पुरावा. १९६६चं मोनो हे ते गाणं घडवणार्‍यांचं ऐकणं आहे, तेव्हाच्या सुया, स्पीकर आणि चार ट्रॅकच्या अडचणीसकट. २०२२चं मिक्स हे त्या माणसांवर प्रेम करणार्‍या पुढच्या पिढीचं ऐकणं आहे. पहिलं ऐकून कळतं की गाण्याला काय म्हणायचं होतं. दुसरं ऐकून कळतं की ते म्हणायला कोणाकोणाचे हात लागले. एकाने दुसर्‍याची जागा घेतली तर नुकसान होतं. दोन्ही शेजारी असली तर ऐकणारा श्रीमंत होतो. या नव्या आवृत्तीच्या मोठ्या संचात १९६६चं मोनोही दिलं आहे, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

हा विचार मी आता आपल्या गाण्यांकडे वळवतो. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याचा मेहबूब, इथे कितीतरी गाणी सगळा वाद्यवृंद एकत्र बसवून, गायकासह एका दमात मुद्रित झाली. सुटे ट्रॅक नाहीतच. जे आहे ते एकजीव. आजवर त्यात फेरफार करायचा तर वरून काही चढवण्याखेरीज मार्ग नव्हता. आता आवाज सुटे करण्याचं तंत्र आलं आहे आणि कधी ना कधी कुणीतरी ते या गाण्यांवर चालवणार. मॅंडोलिन, बासरी, तबला, ढोलक वाजवणारे ते हात प्रथमच मोकळे ऐकू येतील. रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकाराचं आणि गायकाचं नाव असायचं, या हातांची नावं बहुतेक वेळा नसायची.

ते काम व्हावं, असं मला वाटतं. मात्र त्याआधी मूळ टेपा नीट जतन व्हाव्यात, मूळ मोनो जसंच्या तसं आधी उपलब्ध व्हावं आणि नवं मिक्स त्याच्या शेजारी, आपल्या सालासकट आणि करणार्‍याच्या नावासकट यावं. आणि आवाज सुटे करता करता ज्यांचे हात सापडतील, त्यांची नावंही शोधून छापावीत. त्या पिढीला ओळखणारी, कोणत्या गाण्यात कोण वाजवत होतं हे सांगू शकणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारायची वेळ हीच आहे.