लेस्टरच्या कुंपणावरची फुले

इंग्लंडच्या मध्यभागी वसलेले लेस्टर हे नगर जैन समाजाला परके नाही. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या अनेक गुजराती जैन कुटुंबांनी येथे व्यवसाय उभारले. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका जुन्या चर्चच्या वास्तूचे समाजाने जिनालय केले आणि १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. कोरीव संगमरवराने नटलेल्या या एकाच वास्तूत श्वेतांबर, दिगंबर आणि स्थानकवासी या सर्वांना स्थान आहे.

दर्शन घेऊन यात्रेकरू नगराबाहेर पडला, की शेतांच्या बांधांवर झाडाझुडपांची जिवंत कुंपणे लागतात. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनभर या कुंपणांत एल्डर नावाचे मोठे झुडूप फुलते. पाच पाकळ्यांची अगदी बारीक, सायीच्या रंगाची फुले तळहाताएवढ्या सपाट गुच्छांत येतात. त्यांचा गंध पिकलेल्या द्राक्षांची आठवण करून देतो. याच फुलांचे घरगुती सरबत ही इंग्लंडच्या उन्हाळ्याची खूण मानली जाते.

कृती साधी आहे. कोरड्या दिवशी वीस-पंचवीस गुच्छ खुडतात. हिरवे देठ शक्य तितके काढून टाकतात, कारण या झुडपाच्या पानांत व देठांत विषारी द्रव्य असते. दीड लिटर पाण्यात किलोभर साखर विरघळवून पाक उकळतात. त्यात फुले, लिंबांच्या चकत्या आणि थोडे लिंबूसत्त्व घालून भांडे चोवीस तास झाकून ठेवतात. मग मलमलीच्या फडक्यातून गाळून बाटल्या भरतात. पाहुणा आला, की पेल्यात थोडा अर्क आणि वर गार पाणी, एवढेच आतिथ्य. फुले वाळवून त्यांचा काढाही करतात. सर्दीवर तो देण्याची रीत युरोपभर जुनी आहे.

हा पेला जैन पाहुण्यापुढे आला, तर काय करावे? पेय शाकाहारी आहे, एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. या फुलांचा स्वाद मुख्यतः परागात असतो. म्हणून ती धूत नाहीत, नुसती झटकतात. गुच्छांत दडलेले मावा आणि इवलेसे काळे किडे त्याने सगळेच निघतात असे नाही. उरलेले पाकात जातात. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात कडुनिंबाची आणि केतकीची फुले त्याज्य सांगितली, त्यामागचा विचार हाच आहे: लाभ थोडा आणि घात मोठा. एल्डरचे नाव त्या ग्रंथात असणे शक्य नव्हते. पण तो निकष परदेशी फुलालाही तंतोतंत लागू पडतो. रात्रभर भिजणाऱ्या पेयाच्या मर्यादेचा प्रश्न आणखी वेगळा.

दुसरी बाब अधिक सावधपणाची आहे. याच फुलांवर निसर्गतः किण्व असते. न उकळलेल्या साखरपाण्यात फुले काही दिवस ठेवली, की पेय फसफसते आणि त्यात मद्यार्क तयार होतो. वायूच्या दाबाने बाटल्या फुटल्याचेही प्रसंग घडतात. इंग्रज घरांत याला शॅम्पेन म्हणतात, आणि ते मद्यच होय. सरबत आणि हे पेय दिसायला जवळजवळ सारखेच. त्यामुळे मुलांना शिक्षणासाठी किंवा व्यापारासाठी तिकडे पाठविणाऱ्या कुटुंबांनी त्यांना एक प्रश्न विचारायला शिकवावे: हे भिजवलेले आहे, की आंबवलेले? शिवाय मध घातला आहे का, हेही विचारावे. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. इंग्रज यजमान आहाराचे नियम समजून घेतात.

त्या भूमीलाही या झुडपाविषयी आदर ठाऊक आहे. शेजारच्या लिंकनशायरमध्ये एल्डरमध्ये एक वृद्ध माता वसते, अशी लोकसमजूत होती. फांदी तोडण्यापूर्वी तिची अनुमती मागत. आजही जाणती माणसे एका झुडपावरचे थोडेच गुच्छ घेतात, कारण खुडलेल्या प्रत्येक गुच्छाबरोबर शरदात पक्ष्यांना मिळणारी काळी फळे कमी होतात. दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात साधूच्या भिक्षेला भ्रमराची उपमा दिली आहे: फुलाला पीडा न देता तो आपल्यापुरते घेतो. इंग्रज गृहिणीचा हा संयम त्या उपमेच्या वाटेवरचाच आहे.

व्रतधारी श्रावकाने तो पेला नम्रपणे नाकारून साधे उकळलेले पाणी मागावे. इतरांनी आपला नियम ओळखून निर्णय घ्यावा. मात्र निर्णय कोणताही असो, तो चौकशीनंतरचा असावा. परक्या देशात जयणा पाळायची, तर आधी पेल्यात काय आहे हे जाणून घ्यावे लागते.