लकी स्ट्राइकच्या चिमणीखाली

अमेरिकेतल्या डरहॅममधला सिगारेटचा बंद कारखाना आज ऑफिसवाल्यांचा अड्डा झालाय. तो वाचला त्यात जुन्याच्या प्रेमाइतकाच टॅक्सच्या हिशेबाचाही हात आहे!

ऑफिस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? निळ्या काचा, हुडहुडी भरवणारा एसी, लिफ्टसमोरची रांग आणि गळ्यात लटकणारं स्वाइप कार्ड. हिंजवडी असो की बीकेसी, सगळीकडे सेम टु सेम! आता कल्पना करा, तुमचं ऑफिस एका जुन्या सिगारेटच्या कारखान्यात आहे. लाल विटांच्या जाड भिंती, पुरुषभर उंचीच्या खिडक्या, डोक्यावर मोठाले लाकडी वासे. खाली उतरलात की दोन इमारतींच्या मधून वाहणारा ओढा आणि त्याच्या काठावर डबा खाणारी मंडळी. ओढा कृत्रिम आहे, पण आवाज मात्र खरा!

हे ठिकाण आहे नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या डरहॅम शहरात. नाव, अमेरिकन टोबॅको कॅम्पस. जवळच १९५९ मध्ये उभं राहिलेलं रिसर्च ट्रँगल पार्क आहे आणि तिथल्या नोकऱ्यांमुळे आसपासच्या कॅरी, मॉरिसव्हिलमध्ये मराठी घरंही बरीच. माझी मावसबहीण त्यांतलीच एक. मी तिच्याकडे राहायला गेले तेव्हा मॉल-बिल दाखवायच्या भानगडीत न पडता ताईनं गाडी थेट या कारखान्यासमोर उभी केली. ‘‘चल, तुला आमचं गिरणगाव दाखवते,’’ म्हणाली.

तंबाखूचं गाव

मान वर केली की आधी दिसते ती चिमणी. तिच्यावर उभ्या अक्षरांत ‘लकी स्ट्राइक’. शेजारी त्याच नावाची पाण्याची टाकी. रस्त्यापलीकडे डरहॅम बुल्स या बेसबॉल टीमचं स्टेडियम, १९९५ पासूनचं. टीमच्या नावातला बैलसुद्धा तंबाखूचाच! ‘बुल डरहॅम’ हा इथला एकेकाळचा गाजलेला ब्रँड. त्याच्या कारखान्याची १८७४ ची इमारत या आवारातली सर्वांत जुनी.

१८९० मध्ये जेम्स ड्यूक यांनी अमेरिकन टोबॅको कंपनी उभारली. ती इतकी अवाढव्य झाली, की १९११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं मक्तेदारी मोडायला तिचे तुकडे करायला लावले. ज्या ड्यूक विद्यापीठात जायची स्वप्नं आपल्याकडची मुलं बघतात, त्याला ते नाव मिळालं १९२४ मध्ये, याच कुटुंबाच्या पैशातून. म्हणजे एका अर्थी आख्खं गाव धुरावर उभं!

१९८७ मध्ये कारखाना बंद पडला. मग फुटक्या काचा, गळकी छपरं आणि गावाच्या ऐन मध्यावर मोठ्ठा भकास पट्टा. आपण परळ-लालबागमध्ये पाहिलेलंच चित्र. पण इथे शेवट वेगळा झाला. शेजारच्या रॅली शहरातल्या कॅपिटॉल ब्रॉडकास्टिंग कंपनीनं हे आवार घेतलं, दुरुस्त केलं आणि २००४ पासून तिथे ऑफिसं, रेस्तराँ सुरू झाली.

हे परवडलं कसं? जुनी इमारत दुरुस्त करण्यापेक्षा पाडून नवी बांधणं बऱ्याचदा सोपं पडतं, हे कुठलाही बिल्डर सांगेल. त्याचं उत्तर आहे टॅक्स क्रेडिट. केंद्राचं आणि राज्याचं, दोन्ही इथे वापरली गेली.

पाचातला एक रुपया परत

भानगड अशी आहे. मान्यताप्राप्त ऐतिहासिक इमारत ठरलेल्या नियमांनी दुरुस्त केली, तर त्या खर्चाच्या २० टक्के इतकी रक्कम मालकाच्या केंद्रीय करातून वजा होते. लक्षात घ्या, उत्पन्नातून नाही, थेट करातून! वजावट म्हणजे बिल करण्याआधी मिळालेली छोटी सूट; क्रेडिट म्हणजे बिल झाल्यावर कुणीतरी हातात ठेवलेल्या नोटा.

पूर्वी उलटा कारभार होता. जुनी इमारत पाडायचा खर्च करात दाखवता यायचा. १९७६ च्या कायद्यानं ऐतिहासिक इमारतींपुरतं ते बंद केलं आणि जपणाऱ्याला सवलत दिली. १९८६ मध्ये २० टक्क्यांचा आकडा ठरला. २०१७ च्या कायद्यानं एवढंच केलं, की ही रक्कम एकदम न मिळता पाच वर्षांत समान हप्त्यांनी मिळते. आजवर ४५ हजारांहून जास्त प्रकल्प या वाटेनं गेलेत.

ताईला एवढं पाठ कसं? कारण तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी गावातल्या ऐतिहासिक पट्ट्यात एक दुमजली विटांचं दुकान घेतलंय. खाली कॅफे, वर भाड्याची ऑफिसं असा बेत आहे. तिघींची सेव्हिंग्ज त्यात अडकलीत. डायनिंग टेबलवर ही जाडजूड फाइल!

अर्जाचे तीन भाग

भाग एक : इमारत खरंच ऐतिहासिक आहे, हे सिद्ध करा. ती राष्ट्रीय नोंदणीत स्वतंत्रपणे असेल तर हा टप्पा सहसा लागत नाही. पण ताईसारखं दुकान एखाद्या नोंदलेल्या पट्ट्यात असेल, तर ते त्या पट्ट्याच्या इतिहासात भर घालतं हे दाखवावं लागतं.

भाग दोन : काय करणार ते सांगा. प्रत्येक खिडकी, जिना, छत आज कसं आहे आणि त्याचं काय करणार, सगळं लिहायचं. सोबत नकाशा आणि त्यावर नंबर टाकून जोडलेले फोटो. फोटो हवेत ते काम सुरू होण्याआधीचे! हातोडा आधी आणि अर्ज नंतर केलात तर जबाबदारी तुमची.

भाग तीन : काम झाल्यावर पुन्हा फोटो. कबूल केलं तेच केलंत, हे पटलं तरच शिक्का.

अर्ज आधी राज्याच्या वारसा कार्यालयात जातो, तिथून त्यांच्या शिफारशीसह नॅशनल पार्क सर्व्हिसकडे. दोन्हीकडे साधारण महिना-महिना धरायचा. कागद अपुरे निघाले की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. ऑगस्ट २०२३ पासून सगळं ऑनलाइन झालंय, एवढाच दिलासा.

आणि अटी? इमारत कमाईची हवी. स्वतःच्या राहत्या घराला केंद्राचं क्रेडिट नाही. शिवाय खर्च भरघोस हवा. समजा, जमीन सोडून नुसत्या इमारतीची हिशेबातली किंमत ३ लाख डॉलर आहे. तर साधारणपणे २४ महिन्यांच्या आत त्याहून जास्त खर्च व्हायला हवा. साडेतीन लाख घातले, तर ७० हजार डॉलरचं क्रेडिट, वर्षाला १४ हजार. नुसता रंग मारून पैसे मिळत नाहीत! नवं वाढीव बांधकाम, पार्किंग, बाग हे खर्च त्यात धरत नाहीत. पाच वर्षांच्या आत इमारत विकलीत तर क्रेडिटचा काही भाग परत करा. आणि ताईच्या सीएनं आणखी एक खडा टाकलाय : नुसतं भाडं खात बसणाऱ्या जास्त पगारवाल्यांना हे क्रेडिट वापरण्यावर मर्यादा आहेत. म्हणून तर मोठ्या प्रकल्पांत बँका भागीदार म्हणून येतात. त्यांच्याकडे वजा करायला भरपूर कर असतो.

गिलावा ठेवा!

पण खरी गंमत दहा नियमांची आहे. दुरुस्ती शक्य असेल तर बदलू नका. भिंतींवर वाळूचा मारा करू नका. नवं जोडलंत तर ते नवं आहे हे कळू द्या. जुनं नसलेलं जुनं उगाच उभं करू नका.

ताईला कॅफेत उघड्या विटा हव्या होत्या. सगळ्या हिप कॅफेंमध्ये असतात तशा. तिच्या आर्किटेक्टनं मान हलवली. या दुकानाला आतून पहिल्यापासून गिलावा होता. तो खरवडून विटा दाखवणं म्हणजे इमारतीला न जगलेलं आयुष्य चिकटवणं. कारखान्यात विटा उघड्याच होत्या, म्हणून तिथे त्या शोभतात. ‘‘पैसे आमचे, भिंत आमची आणि मत सरकारचं!’’ ताई फणफणली. दोन दिवसांनी मात्र तीच एका कोपऱ्यातल्या जुन्या रंगाचे थर मला मोजून दाखवत होती. हिरवा, मग पिवळा, मग निळसर.

मला वाटतं, या योजनेची खरी ताकद इथे आहे. ती कुणाला वारसाप्रेमी व्हा म्हणत नाही. ती फक्त म्हणते, तोडण्याआधी नीट बघ, फोटो काढ, लिहून काढ. आणि जे आपण इतकं नीट बघतो, ते पाडायला हात जरा अडखळतोच.

जे वाचलं नाही ते

पण डरहॅमचं हे कौतुक अर्धंच आहे. कॅम्पसला लागून एक हायवे जातो. त्याच्या पलीकडे हेटाय ही कृष्णवर्णीयांची भरलेली वस्ती होती. दुकानं, घरं, थिएटरं असलेली. १८९८ मध्ये कृष्णवर्णीय उद्योजकांनी याच शहरात विमा कंपनी काढली होती आणि त्यांच्या बँका-कंपन्यांच्या रस्त्याला ‘ब्लॅक वॉल स्ट्रीट’ म्हणत. १९६० च्या दशकापासून ‘शहर सुधारणा’ आणि हायवेच्या नावाखाली हेटायचा मोठा भाग पाडला गेला. १८९१ चं एक चर्च वाचलं. तेच आज हेटाय हेरिटेज सेंटर आहे.

१९७६ चा कायदा आला तोवर तिथलं बरंच काही जमीनदोस्त झालं होतं. आणि कायदा आधी असता तरी? क्रेडिट कमावणाऱ्या इमारतीला मिळतं. ज्यात आजी राहते त्या घराला केंद्राकडून काही नाही. नॉर्थ कॅरोलिनाचं स्वतःचं क्रेडिट अशा घरांनाही मिळतं, पण तेही २०१४ संपताना बंद पडून २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं.

मुंबईचं वेगळं सांगायला नको. १९९५ ची हेरिटेज नियमावली आली, वारसा इमारतींच्या मालकांना टीडीआरची सोय झाली. पण गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉलच उगवले. लोअर परळच्या फिनिक्समध्ये चिमणी उभी आहे, खाली सेल लागलाय. १९८२ च्या संपानंतर घरी बसलेले कामगार त्या चित्रात नाहीत. खरं तर डरहॅमच्या ओढ्याकाठीही सिगारेटी वळणारे हात दिसत नाहीतच. टॅक्स क्रेडिट भिंती वाचवतं, माणसांची आठवण आपली आपण ठेवायची.

जायचं असेल तर

रॅली-डरहॅम विमानतळावर उतरा. ट्रेननं आलात तर आणखी मजा, कारण डरहॅमचं स्टेशनच जुन्या तंबाखू गोदामात आहे. तिथून कॅम्पस चालत गाठता येतो. संध्याकाळी बेसबॉलची मॅच असेल तर सोडू नका. पोटपूजेला ब्राइटलीफ स्क्वेअर. १९८१ मध्ये सावरलेली तंबाखूची जुनी गोदामं. आणि हेटाय हेरिटेज सेंटर चुकवू नका, गाडीनं पाचेक मिनिटांवर आहे. ताईच्या कॅफेचा पत्ता पुढच्या ट्रिपला. भाग दोनचा निकाल अजून यायचाय!