वेदनाशामक गोळी आणि जठराचे अस्तर
ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे दाह व वेदना वाढवणारी शरीरातील रसायने, तयार होऊ देत नाहीत, हे औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवले. परंतु हीच रसायने जठराच्या अस्तराचे रक्षण करतात व मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणूनच गुडघेदुखीवर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणून महिनोन्महिने घेतलेली गोळी पोटात व्रण करू शकते, आणि डांबरासारखी काळी, चिकट शौचास होणे हे आतल्या रक्तस्रावाचे लक्षण असते, हे घरोघरी ठाऊक असायलाच हवे. मूत्रपिंडाच्या दृष्टीने रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या वृद्धांची काळजी सर्वाधिक वाटते. पावसाळ्यातील तापात डेंग्यूची शंका असेपर्यंत रक्तस्रावाच्या धोक्यामुळे या गोळ्या टाळाव्यात. तेव्हा योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावे.