उघडी वही

शास्त्रज्ञाची वही ही त्याच्या कपाटात जपून ठेवण्याची वस्तू आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तिच्यात आकडे टिपावेत, आकृत्या काढाव्यात, चुकलेल्या ओळीवर एक रेघ ओढावी आणि काम संपले की ती मिटून ठेवावी, अशी जुनी रीत. परंतु पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सर्व जगाला वाचता येईल अशी वही लिहिण्याची वेळ विद्यार्थ्यांवर आली, तर तिची पाने त्यांनी कशी आखावीत? हा प्रश्न आज अनेक देशांतील विद्यार्थ्यांपुढे दरवर्षी उभा राहतो. त्या उघड्या वहीचे नाव आहे संकेतस्थळ.

संकेतस्थळ आणि विज्ञान यांचे नाते जन्मापासूनचे आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळ ‘सर्न’ ही मोठी संशोधन संस्था आहे. तेथे देशोदेशींचे शास्त्रज्ञ एकत्र काम करतात. त्यांचे संगणक निरनिराळ्या जातींचे असल्यामुळे एकाची माहिती दुसऱ्याला सहज मिळत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये एक योजना मांडली आणि तिच्यातून जगातील पहिले संकेतस्थळ निर्माण झाले. १९९१ मध्ये ते बाहेरच्या जगाला पाहता येऊ लागले. त्यावर काय होते? चित्रे नव्हती, रंगांची आरास नव्हती. हा प्रकल्प कोणता, त्याचा उपयोग कसा करावा आणि इतरांनी त्यात कसे सामील व्हावे, एवढेच साध्या शब्दांत सांगितले होते. म्हणजे जगातले पहिले संकेतस्थळ हे एका प्रकल्पाचेच संकेतस्थळ होते! पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही विद्या सर्वांसाठी विनामूल्य खुली केली.

विद्यार्थ्यांच्या वैज्ञानिक संघांनी हीच परंपरा पुढे चालविली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जानेवारी २००३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटा अभ्यासक्रम घेण्यात आला. मुले ठोकळे जोडून घर रचतात, त्याप्रमाणे जनुकांचे तुकडे जोडून सूक्ष्म जीवांकडून नवे काम करवून घेता येईल काय, हे त्यात पाहावयाचे होते. त्यातून ‘आयजेम’ ही स्पर्धा उदयास आली. २००४ मध्ये तिच्यात ५ संघ होते, २००५ मध्ये १३ झाले आणि २०१९ पर्यंत ही संख्या ३०० च्या वर गेली. टेक्सासमधील विद्यार्थ्यांनी २००४ मध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारे जिवाणू घडविले आणि त्यांच्या थरावर छायाचित्र उमटवून दाखविले. दुसऱ्या एका संघाने २००६ मध्ये जिवाणूंना चक्क केळ्याचा सुवास दिला! या स्पर्धेत प्रत्येक संघाला आपल्या कामाचे संकेतस्थळ तयार करावे लागते. ठरलेली घटका भरली की ते गोठविले जाते. त्यानंतर त्यातील एक अक्षरही बदलता येत नाही.

अशा संकेतस्थळाची आखणी करावयास बसले, की संघातील उत्साही मंडळींचे लक्ष प्रथम रंगांकडे जाते. एकाला हलणारी चित्रे हवी असतात, दुसरीला मोठी चमकदार अक्षरे. सौंदर्य हवेच, परंतु आत सांगण्यासारखे काही नसेल, तर ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी गत व्हायची. म्हणून जाणता मार्गदर्शक विद्यार्थ्यांना संगणकापासून दूर नेतो आणि कोरा कागद व पेन्सील देऊन विचारतो, “तुमच्या दारी कोण येणार आहे?”

येणारे पाहुणे तीन प्रकारचे असतात. पहिला परीक्षक, त्याच्याजवळ वेळ थोडा असतो आणि पुरावा कोठे आहे हे त्याला चटकन पाहावयाचे असते. दुसरा दूरदेशीचा विद्यार्थी. त्याला तोच प्रयोग पुन्हा करावयाचा असतो, म्हणून कोणते द्रव्य किती घेतले, किती अंशांवर आणि किती वेळ ठेवले, हे सारे त्याला हवे असते. तिसरा सामान्य माणूस. त्याला एवढेच कळून घ्यायचे असते, की या खटाटोपाने कोणाचे काय भले होणार आहे. तिघांना एकाच पानावर बसविले, तर कोणाचेच समाधान होत नाही. म्हणून मुखपृष्ठावर प्रश्न कोणता, केले काय आणि निष्पन्न काय झाले, हे थोडक्या ओळींत सांगावे. आणि रचना, प्रयोग, निष्कर्ष, सुरक्षितता यांची पाने वेगळी काढून त्यांना साधी, ओळखू येतील अशी नावे द्यावीत. घराचा नकाशा नीट असला, तर पाहुण्याला स्वयंपाकघर शोधत माळ्यावर चढावे लागत नाही.

परंतु आखणीचा खरा कस याहून खोल आहे. बांगलादेशात व पश्चिम बंगालमध्ये अनेक कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक हे विष नैसर्गिक रीतीने उतरलेले आढळते. त्याला रंग नाही, चव नाही. पिणाऱ्याला वर्षानुवर्षे कळतही नाही. पिण्याच्या पाण्यात ते एका लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका ग्रॅमच्या लाखाव्या भागापेक्षा, अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. स्कॉटलंडमधील एडिंबरो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००६ मध्ये हाच प्रश्न हाती घेतला. आर्सेनिक असलेल्या पाण्यात अधिक आम्ल तयार करतील असे जिवाणू घडवावेत आणि दर्शकाच्या बदलत्या रंगावरून विष ओळखावे, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना सुंदर, हेतू उदात्त.

आता असा प्रयोग करणारा कोणताही एक संघ डोळ्यांपुढे आणावा. प्रयोगशाळेतील नळीत रंग बदलला आहे. परंतु खऱ्या विहिरीच्या पाण्यावर परीक्षा व्हायची आहे. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत काय लिहावे, यावर चर्चा चालली आहे. एक जण म्हणतो, “आमचा शोध विषारी पाणी ओळखतो, असे लिहू या. वाक्य कसे दणदणीत आहे!” दुसरी शांतपणे विचारते, “एखाद्या खेड्यातील माणसाने हे वाचले, रंग बदलला नाही म्हणून ते पाणी घरच्या मुलांना पाजले, आणि आपली परीक्षा खोटी ठरली, तर?” सर्व गप्प होतात. मग वाक्य बदलले जाते: ‘प्रयोगशाळेत, ठरावीक परिस्थितीत, रंग बदललेला दिसला, विहिरीच्या पाण्याची चाचणी अद्याप झालेली नाही.’ हे वाक्य दणदणीत नाही, पण ते खरे आहे. प्रसिद्ध झालेला शब्द कोणाच्या हाती पडेल आणि कोण त्यावर विसंबेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणूनच त्याची जबाबदारी मोठी.

फसलेल्या प्रयोगांचेही असेच आहे. ते झाकून ठेवावेत, असे कोणालाही वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सात वेळा फसलेला प्रयोग लपविला, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या गावचा संघ तोच प्रयोग पुन्हा सात वेळा फसवून बसेल. त्याचे दिवस जातील, द्रव्य जाईल, उमेदही जाईल. वाटेत खड्डा आहे हे ज्याला समजले, त्याने तेथे खूण करून पुढे जावे, हा वाटसरूंचा धर्म आहे. काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले आणि कारण कोणते वाटते, या चार गोष्टी लिहिल्या, की फसलेला प्रयोगही दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

आणखी एक पान असते. ते लहान, पण मोलाचे. कोणते काम कोणी केले, याची तेथे नोंद असते. प्रयोग कोणी केला, आकृती कोणी काढली, कोणत्या गुरुजनांनी मार्ग दाखविला, कोणाकडून साहित्य मिळाले, हे स्पष्ट लिहावे लागते. रात्री बाटल्या धुणाऱ्या मुलाचे नाव भाषण करणाऱ्या मुलाच्या नावाखाली दडून जाऊ नये, यासाठी हे पान. श्रेय वाटल्याने कमी होत नाही. न वाटल्याने मात्र मने दुभंगतात.

शेवटी, दार सर्वांना उघडता आले पाहिजे. अवजड चित्रांनी भरलेले पान शहरातील वेगवान यंत्रावर क्षणात दिसते, पण खेड्यातील साध्या फोनवर ते उघडता उघडता वाचणाऱ्याचा धीर सुटतो. अंध व्यक्तींसाठी संगणक पान वाचून दाखवितो. परंतु चित्राखाली दोन ओळींचे वर्णन दडवून ठेवले नसेल, तर त्या चित्रापाशी तो मुका होतो. फिकट अक्षरे फिकट रंगावर लिहिली, तर वृद्धांना ती दिसत नाहीत. भाषेचेही तसेच. जगातील लिप्यांना एका सूत्रात बांधणाऱ्या ‘युनिकोड’ संकेतावलीत १९९१ पासून देवनागरीला स्थान आहे. त्यामुळे मराठी मुलांना आपला प्रयोग मराठीत मांडण्यास लिपीची अडचण उरलेली नाही. जे स्वतःच्या आजीला समजावून सांगता आले, ते आपल्याला खरोखर समजले, असे खुशाल मानावे.

ही सारी कामे शेवटच्या आठवड्यात उरकता येत नाहीत. ज्या संघाने पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्रयोगाची तारीख टिपली, प्रत्येक मापाचे एकक लिहिले, प्रत्येक छायाचित्रावर नाव घातले, त्याचे संकेतस्थळ जवळजवळ आपोआप तयार होते. ज्याने तसे केले नाही, त्याला अखेरच्या रात्री आठवणींवर विसंबावे लागते. आणि आठवण ही फार लाडकी साक्षीदार आहे, ती मालकाच्या बाजूनेच बोलते. घटका भरते, पाने गोठतात, विद्यार्थी शिकून आपापल्या वाटांनी निघून जातात. त्यानंतर कित्येक वर्षांनी कोठेतरी एखादी मुलगी ते पान उघडते, त्यातील आकड्यांवर विश्वास ठेवते आणि पुढचा प्रयोग मांडावयास घेते. तिचा विश्वास खोटा ठरू नये, एवढीच त्या पानांची परीक्षा.