काशीत झालेली ‘शिक्षा’

विलायतेस शिकावयास निघालेला विद्यार्थी परक्या भाषेची थोडीबहुत धास्ती घेऊनच घर सोडतो. मी मात्र पुण्याहून काशीस निघालो तो अगदी निर्धास्त. लिपी देवनागरी, निम्मे शब्द संस्कृत. मग अडचण ती कसली? पुष्कळ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या खटपटीतून १९१६ साली उभ्या राहिलेल्या हिंदू विश्वविद्यालयात मला प्रवेश मिळाला होता आणि जवळच एका घरी खोलीही मिळाली होती.

पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी प्रेमाने विचारले, “आपकी शिक्षा कहाँ हुई?” मी ताठ बसून उत्तरलो, “कहीं नहीं! आमचे घराणे सज्जनांचे आहे.” हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, हे मला कोणी सांगितले होते?

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी दादाजींची चौकशी केली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मी अभिमानाने सांगितले, “रोज तालमीत जातात. यंदा त्यांचे लग्न करावयाचे आहे.” बाई हातातली परात ठेवून माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्या मुलखात दादा म्हणजे आजोबा! हां हां म्हणता ही वार्ता गल्लीभर झाली. पोरे मला पाहताच “दादाजी की शादी कब है?” असे ओरडू लागली.

हसू त्यांना येत होते, मला रडू. मी बोलणेच टाकले. ट्रंक भरावयास काढली आणि परतीच्या भाड्यासाठी घरी पत्र लिहिले.

ते पत्र खिशात घेऊनच मी दुर्गाघाटावर गेलो. ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नाथांनी आपले भागवत १५७३ साली पूर्ण केले तेही काशीतच. ओळखीच्या एका घरी आजींनी माझी कहाणी ऐकली आणि त्या पोट धरधरून हसल्या.

“अरे, माझी लेक इथेच वाढलेली. पुण्यास सासरी गेली आणि पहिल्याच दिवशी सासूबाईंना म्हणाली, ‘मी स्वयंपाकाची चेष्टा करते.’ इकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न रे! सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. म्हणून का ती माहेरी परत आली?”

मला उत्तर सुचेना. आजी पुढे म्हणाल्या, “आपले बाबूराव पराडकर याच काशीतले, मराठी घरातले. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे ते नामांकित संपादक झाले. ‘मुद्रास्फीति’सारखा शब्द त्यांनी रूढ केला म्हणतात. तू दोन शब्द चुकलास तर हिंदी काही बुडत नाही.”

घाटाच्या पायऱ्या उतरताना मी ते पत्र फाडले. चुका माझ्याच एकट्याच्या नव्हत्या. या वाटेवर दोन्ही बाजूंनी माणसे अडखळत आली होती, आणि तरीही चालत राहिली होती.

घरी पोहोचताच मालकीणबाईंना सांगितले, “दादा म्हणजे बड़े भाई.” मग दोघेही मनमुराद हसलो.

पुढे खरोखरच दादाचे लग्न झाले, तेव्हा सबंध गल्लीला पेढे वाटले. वृद्ध गृहस्थांनी पेढा तोंडात टाकत विचारले, “तो आखिर दादाजी की शादी हो गई?”

या वेळी सर्वांत मोठ्याने मीच हसलो. काशीतली माझी शिक्षा तेथून सुरू झाली.