पाइपातली वजाबाकी

१३ मार्च १९७९ रोजी अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने पाच अणुभट्ट्या एकदम बंद करायला लावल्या. पेनसिल्व्हेनियातली बीव्हर व्हॅली, व्हर्जिनियातल्या सरीच्या दोन, न्यूयॉर्क राज्यातली फिट्झपॅट्रिक आणि मेन यांकी. कुठे गळती नव्हती, भूकंपही झाला नव्हता. चूक होती ती पाइपांवरचा भूकंपाचा ताण काढणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये. पाइपांच्या स्ट्रेस अ‍ॅनालिसिसवर पोट असलेले आम्ही लोक हा किस्सा अजून सांगतो. नव्या मुलांना मी तो आकड्यांनीच समजावतो.

भूकंप पाइपाला आडवाही हलवतो आणि उभाही. समजा, आडव्या हादऱ्याने एका सपोर्टवर ४० एकक भार येतो आणि उभ्याने ३०. दोन्ही आकडे कमाल. ते एकाच क्षणी येतील का, हे नुसत्या कमाल आकड्यांवरून कळत नाही. म्हणून दोघांचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर ५०. त्या प्रोग्रॅमने मात्र चिन्हांसकट सरळ बेरीज केली होती. एक अधिक आणि दुसरा उणे निघाला की ४० मधून ३० गेले, उरले १०. (चिन्हं सारखी निघाली तर ७० येतात. म्हणजे चूक दर वेळी एकाच बाजूला झुकत नाही, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं लपते.) कागदावर सगळं मर्यादेत, त्यामुळे तपासणाऱ्याला काही खटकायचं कारण नव्हतं. बीव्हर व्हॅलीतल्या काही पाइपांचं गणित दुसऱ्या प्रोग्रॅमवर केलं तेव्हा आकडे जुळेनात, आणि बिंग फुटलं.

आकडे जुळत नाहीत तेव्हा इंजिनिअरला आधी आपलंच इनपुट चुकलंय असं वाटतं. मग वरिष्ठांकडे गेलं की उत्तर ठरलेलं: आधी खात्री करून घ्या. सल्ला वाजवी आहे, फक्त ती खात्री वर्षभरही चालू राहू शकते. अमेरिकेत १९७७ साली आलेला ‘पार्ट २१’ नियम नेमका इथे बोट ठेवतो. आजच्या स्वरूपात त्यात मूल्यमापनाला साठ दिवस आहेत. तेवढ्यात उरकलं नाही, तर ‘अजून तपासतो आहोत’ असा अंतरिम अहवाल द्यावाच लागतो. सुरक्षेला बाधक दोष असल्याचं कंपनीच्या संचालकापर्यंत पोचलं की दोन दिवसांत आयोगाला खबर आणि तीस दिवसांत लेखी अहवाल. जाणूनबुजून गप्प बसणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः दंड होऊ शकतो. सुट्या भागांचे पुरवठादारही यातून सुटत नाहीत.

मी पाहिलेलं एक प्रकरण सांगतो, प्रकल्पाचं नाव नको. मोटरवर चालणाऱ्या एका व्हॉल्व्हचं पूर्ण वजन मॉडेलमध्ये पाइपाच्या मध्यरेषेवर धरलं होतं. प्रत्यक्षात त्याचा अ‍ॅक्चुएटर, म्हणजे त्याला उघडबंद करणारा भाग, बाजूला हातभर बाहेर आलेला. हादरा बसला की तो पाइपाला पिळणार, आणि मॉडेलमध्ये पीळ शून्य. एका तरुण सहकारी मुलीने ते लिहून दिलं. बैठकीत पहिला प्रश्न आला तो ‘पाइप मोडेल का?’ हा नव्हे, तर ‘असा व्हॉल्व्ह आणखी कुठे कुठे बसवलाय?’ हा. तिथेच मला हायसं वाटलं. पाइपांच्या डिझाइनमधला दोष एकटा राहत नाही, कॉपी-पेस्ट होऊन फिरतो.

१९७९ च्याच जुलैत आयोगाने आणखी एक फर्मान काढलं, बुलेटिन ७९-१४: गणितात धरलेले पाइप आणि प्रत्यक्ष बसवलेले पाइप एकच आहेत का, ते जाऊन बघा. हे काम कंटाळवाणं आणि घामाचं. हातात आयसोमेट्रिक ड्रॉइंग आणि टेप घेऊन पायाडावर चढायचं. स्नबर, म्हणजे पाइप तापून सावकाश वाढला तर सरकू देणारा पण झटका बसला की धरून ठेवणारा दांडा, ड्रॉइंगमधल्याच दिशेला आहे ना? जलदाब चाचणीच्या वेळी स्प्रिंग हँगरमध्ये, म्हणजे पाइप टांगणाऱ्या स्प्रिंगमध्ये, घातलेली पिन नंतर काढली का? ती राहिली असेल तर स्प्रिंग कसली, तो नुसता दांडाच.

पाच अणुभट्ट्या बंद केल्याबद्दल आयोगावर अतिरेकाचा आरोप झाला. फेरगणितात बहुतेक पाइप मर्यादेत निघाले, काही ठिकाणी सपोर्ट बदलावे लागले. बंदच्या आदेशानंतर पंधराच दिवसांत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात घडला आणि हा वाद मागे पडला. माझ्या मते भट्ट्या बंद करण्याचा निर्णय बरोबर होता. ‘बहुतेक मर्यादेत’ हे गणित पुन्हा केल्यावर कळलं, त्याआधी कोणालाच ठाऊक नव्हतं.

जपानच्या मिहामा अणुवीज केंद्रात उलटं झालं, तिथे भट्टी न थांबवता वाट पाहिली गेली. तिसऱ्या युनिटमधला एक पाइप १९७६ पासून तपासणीच्या यादीतच नव्हता. ठेकेदाराच्या ते आधीच लक्षात आलं होतं, पण तपासणी ठेवली गेली पुढच्या नियोजित बंदच्या वेळी, ऑगस्ट २००४ मध्ये. बंद १४ तारखेला सुरू होणार होता आणि ९ तारखेला पाइप फाटला. मूळची १० मिलिमीटर जाडी झिजून एका ठिकाणी एक मिलिमीटरच्याही आत आली होती. बंदच्या तयारीला आलेल्या कामगारांपैकी पाच जण वाफेने भाजून दगावले.

आमच्याकडे कोणी शंका घेऊन आलं की मी तीन ओळी लिहायला सांगतो: काय दिसलं, कुठे दिसलं, आणखी कुठे असू शकतं. बहुतेक जण आपणहून चौथी जोडतात, ‘प्रत्यक्षात धोका नसावा’. ती मी खोडायला लावतो.