मूठ वळेपर्यंत

आमच्या लहानपणी वऱ्हाडातल्या खेड्यात विळ्यानं हात खोल कापला की लोक एवढंच म्हणत, ‘नस तुटली’. शिवणारा डॉक्टर गाठायचा तर अमरावती नाहीतर अकोला. माझ्या काकांचंही तसंच झालं. पुढं प्लास्टर आणि सक्तीचा आराम. "हात हालवू नोको बाप्पा," आजी काकांना दिवसभर बजावायची. प्लास्टर निघालं, जखम भरली, पण बोट वळेना. कासरा धरताना ते बोट काकांना जन्मभर आड आलं.

आजीची माया खरी होती, डॉक्टरांनीही त्या काळची रीतच पाळली. पण लोक जिला नस म्हणत, ती बोट वाकवणारी कंडरा अरुंद आवरणातून सरकते. हललीच नाही तर भोवती चिकटते आणि फार लवकर जोर लावला तर टाका तुटतो. म्हणून आता शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच स्प्लिंटच्या आधारानं दुसऱ्या हातानं बोट अलगद वाकवून घेतात. पुढं स्वतःच्या ताकदीनं हलवणं, साधारण आठ आठवड्यांनी मऊ स्पंज दाबणं, आणि जड ओझं बारा आठवड्यांच्या आसपास, तेही डॉक्टरांनी सांगितल्यावरच. आमच्या काकांना हे मिळालं असतं तर, असं अजून मनात येतं.

बळ पायरीपायरीनं वाढवण्याची शिस्त मात्र आपल्याकडं जुनी आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. तिथल्या चमूनं १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवले. आमच्या गावच्या आखाड्यातही हलका मुद्गल नीट फिरल्याशिवाय वस्ताद जड मुद्गलाला हात लावू देत नसत. कोण आलं नाही, कोणाचा खांदा दुखतो, हे त्यांना न सांगता कळे. ती नजर मला आज फार आठवते. कारण आता फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवतो, पण घरी तो करून घेणारं कोणी नसतं. सोयाबीन काढणीला आलं, मजुरी बुडू लागली, एसटीचं भाडं जड झालं की माणूस चौथ्या आठवड्यातच ओझं उचलतो.

घरात कोणाची नस शिवली असेल तर टाके निघाले म्हणजे काम संपलं असं समजू नका. फिजिओथेरपीची तारीख चुकवू नका, आणि रोज त्याच्या शेजारी बसून व्यायाम करून घ्या.